सोल येथें बिऱ्हाड पहातांना

‘घर पहावें बांधून आणि लग्न पहावें करून’ अशी आपल्यांत जुनी म्हण आहे. ज्या कोणी ती प्रथम म्हटली त्यास परमुलुखांत, परक्या भाषेंत, भाड्याचें बिऱ्हाड शोधण्याचा प्रसंग आला नसावा. नाहीं तर या दोहोंच्या जोडीस त्यानें तिसरी गोष्ट खचित घातली असती. आम्हांवर हा प्रसंग २०२४ सालच्या शरद् ऋतूंत कोरिया देशाची राजधानी सोल येथें आला. तीन आठवड्यांत आम्हीं तीन घरें पाहिलीं, आणि त्यांतील एकाच्या पायीं घरचा सामाईक पैसा गमावण्याच्या अगदीं काठावर जाऊन परत आलों. हल्लीं आपल्या पुष्कळ घरांतून मुलें-मुली अशा दूरच्या शहरीं जात असतात. त्यांच्या वडील माणसांस आमच्या अनुभवाचा कांहीं उपयोग होईल, या हेतूनें ही हकीकत लिहीत आहों.

आमचें घर वाईस. आम्ही तिघे भाऊ एकत्र राहतों. दादा वडील, आम्ही मधले. आमचे चिरंजीव सोलच्या ईशान्य भागांतील कोरिया विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेंत संशोधनासाठीं गेले. ही संस्था १९६६ सालीं स्थापन झाली असून आपल्याकडील कित्येक तरुण तेथें काम करतात. पहिले सहा महिने चिरंजीव संस्थेच्या अतिथिगृहांत एकटेच राहिले. पुढें सूनबाई व पांच वर्षांची नात यांना नेण्याचें ठरलें, तेव्हां स्वतंत्र बिऱ्हाड करणें प्राप्त झालें. अनंतचतुर्दशीचें विसर्जन आटोपून आम्ही उभयतां त्यांना पोंचविण्यास निघालों. अतिथिगृहांतील मोठी खोली ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच मिळावयाची होती.

निघतांना दादांनीं दोन गोष्टी बजावल्या. पहिली अशी कीं, “पितृपक्ष लागला आहे. घरें खुशाल पहा, पण पक्ष संपेपर्यंत कोणास शब्द देऊं नका.” दुसरी गोष्ट पैशाची होती. वडिलोपार्जित जमिनीचा एक तुकडा विकून आलेली रक्कम तिघां भावांच्या नांवें बँकेंत ठेवलेली होती. दादा म्हणाले, “ती मुलाच्या बिऱ्हाडास लागत असेल तर घे; माझी ना नाहीं. मात्र तो पैसा कोणाच्या हातीं जातो, तें आपल्या डोळ्यांनीं पाहून ये.”

भाड्याच्या घरासाठीं जमीन विकलेला पैसा कशाला, असें वाचकांस वाटेल. आम्हांसहि प्रथम तसेंच वाटलें. तेव्हां तेथील रीति समजून घेतली पाहिजे. कोरियांत घर भाड्यानें देण्याचे मुख्य प्रकार दोन. एकास ‘जॉन्से’ म्हणतात. त्यांत भाडेकरूनें एक मोठी रक्कम, पुष्कळदां घराच्या किंमतीच्या निम्म्याहूनहि अधिक, मालकापाशीं एकदम अनामत ठेवावयाची. मग दोन वर्षेंपर्यंत दरमहा भाडें म्हणून कांहीं द्यावयाचें नाहीं, आणि मुदत सरली कीं ती सर्व रक्कम परत घ्यावयाची. मालक त्या पैशाच्या व्याजावर, किंवा त्या बळावर दुसरें घर घेऊन, आपला लाभ साधतो. दुसरा प्रकार ‘वोल्से’. त्यांत अनामत लहान, पण भाडें दरमहा. तेथील गणतींत लक्ष ही संख्या नाहीं. दहा हजारांस ‘मान’ व दहा कोटींस ‘ओक’ म्हणतात. एखादें दोन खोल्यांचें नवें घर ‘दोन ओक जॉन्से’ आहे असें कोणी म्हटलें, तर २० कोटी वोन एकदम मोजावयाचे असा त्याचा अर्थ. आपल्या रुपयांत ती रक्कम एक कोटीच्या पुढें जाते.

आतां शहराविषयीं थोडें सांगतों. हान नदीनें सोलचे दोन भाग केले आहेत. उत्तरेकडील जुनें शहर, डोंगरांच्या कुशींत वसलेलें. दक्षिणेकडील गांगनाम हा भाग १९७० नंतर वाढलेला व आतां फार महाग. परदेशी लोकांनीं आपापल्या सोयीचे कोपरे धरलेले दिसतात. फ्रेंच लोक दक्षिणेस सोरे नांवाच्या वस्तींत, आपल्या शाळेच्या आसपास. चीनमधून आलेले कोरियन वंशाचे लोक देरिम भागांत. नेपाळी मंडळी चांगसिन व दोंगदेमुन यांच्या मधल्या गल्ल्यांतून. चिरंजीवांची संस्था भुयारी रेल्वेच्या सहाव्या मार्गावर, सांगवोल्गोक स्टेशनाजवळ. म्हणून त्याच मार्गावर घर पहावें असें आम्हीं ठरविलें.

या कामीं आमची भीड मोडली ती तेथील लिपीनें. १४४६ सालीं सेजोंग राजानें ती प्रजेस दिली. तिच्यांत व्यंजनांची मांडणी कंठ, जिव्हा, ओष्ठ, दंत अशा उच्चारस्थानांवरून केलेली असून, जीभ व तोंड यांच्या आकारावरूनच मूळ अक्षरें घडविलेलीं आहेत. हा विचार चिनी वर्णशास्त्रांतून आला, आणि त्या शास्त्रावर बौद्ध पंडितांनीं नेलेल्या आपल्या संस्कृत वर्णविचाराची छाप होती. जन्मभर मुलांकडून कवर्ग-चवर्ग घोकून घेतलेल्या मास्तरास यापरतें दुसरें आश्वासन कोणतें? आठ दिवसांत आम्ही स्टेशनांचीं नांवें वाचूं लागलों. अर्थ मात्र कळत नसे. त्यासाठीं इमुन भागांतील परभाषा विद्यापीठांत हिंदी शिकणारी एक कोरियन मुलगी चिरंजीवांच्या ओळखीनें आमच्याबरोबर येई. आम्ही शिक्षक असें समजल्यापासून ती आम्हांस ‘गुरुजी’ म्हणूं लागली.

पहिलें घर आम्हीं इतेवॉन भागांत पाहिलें. येथून जवळच अमेरिकन लष्कराची छावणी पुष्कळ वर्षें होती. तिचें मुख्य ठाणें २०१८ सालीं दक्षिणेस प्योंगथेक येथें गेलें, तरी परदेशी माणसांचा राबता राहिलाच आहे. टेकडीवर १९७६ सालीं उघडलेली मोठी मशीद आहे, आणि तिच्या चढणीवर आपल्याकडील जिन्नस विकणारीं दुकानें आहेत. तुरीची डाळ, मोहरी, हिंगाची डबी हीं पाहून आमच्या कुटुंबाचा चेहरा फुलला. शेजारच्या हान्नाम भागांत आपला वकिलातीचा कचेरीवाडा आहे. रस्त्यानें हिंदी कानीं पडते. “इथेंच घ्या हो,” त्या म्हणाल्या; “अडीअडचणीला आपलीं माणसें आहेत.” स्टेशनाजवळच्या ज्या अरुंद बोळांत २९ ऑक्टोबर २०२२ च्या रात्रीं गर्दीची चेंगराचेंगर झाली, तोहि आम्हांस त्या मुलीनें दाखविला. त्या दुर्घटनेंत १५९ जणांचे प्राण गेले. आम्ही तेथें क्षणभर थांबून पुढें गेलों.

पण आमच्या ऐपतींतलें जें घर तेथें निघालें, त्यांत शिरण्यास पांच पायऱ्या खालीं उतरावें लागलें. अशा अर्धवट तळघरास ‘बान्जिहा’ म्हणतात. १९७० च्या सुमारास युद्धाच्या भीतीनें इमारतींना तळघरें सक्तीचीं झालीं. पुढें शहरांत माणूस मावेना, तेव्हां तींच भाड्यानें जाऊं लागलीं. खिडकी रस्त्याच्या पातळीस. तींतून येणाऱ्या-जाणाऱ्यांचीं पावलें तेवढीं दिसत. नातीस ती मोठी गंमत वाटली. सूनबाईंनीं भिंतीस हात लावून पाहिला. तो ओलसर झाला. ऑगस्ट २०२२ मधील अतिवृष्टींत नदीपलीकडील सिल्लिम भागांत अशाच घरांत पाणी शिरून एकाच कुटुंबांतील तिघी जणी आंतच अडकून गेल्या, ही हकीकत आम्हांस ठाऊक होती. शिवाय तेथून संस्थेचें स्टेशन बारावें. डाळीच्या दुकानासाठीं लेकराला तळघरांत ठेवावयाचें काय, असें आम्हीं विचारतांच आमच्या कुटुंबानेंच त्या घरावर पाणी सोडलें. डाळ काय, महिन्यांतून एकदां गाडीनें जाऊनहि आणतां येईल.

दुसरें घर वोल्गोक स्टेशनाजवळ, म्हणजे संस्थेच्या अगदीं अलीकडे. इमारत नवी कोरी, उद्‌वाहन असलेली. उद्‌वाहनांत तीनच्या पुढें चारचा आंकडा नसून एक रोमन अक्षर होतें. कारण तेथें चार व मृत्यु या दोहोंसहि ‘सा’ असाच उच्चार आहे. दारास कुलूप नाहीं; आंकडे दाबले कीं तें उघडतें. घर दक्षिणाभिमुख. आपण पूर्वेचें महत्त्व मानतों, ते लोक दक्षिणेचें, कारण हिंवाळ्यांत ऊन त्या बाजूनें आंत येतें. जमिनीखालून ऊन पाण्याच्या नळ्या खेळविलेल्या. ही त्यांची ‘ऑन्दोल’ नांवाची जुनी युक्ति; पूर्वीं स्वयंपाकघरांतील चुलीचा धूर फरसबंदीखालून नेऊन खोली ऊबदार करीत, आतां नळ्या आल्या. भाडें? दोन ओक जॉन्से. चिरंजीवांनीं सर्व हिशेब मांडूनच ठेवला होता: कांहीं स्वतःची शिल्लक, कांहीं बँकेचें कर्ज, आणि उरलेला चौथा हिस्सा घरून. कर्जाचें व्याज दरमहाच्या भाड्याहून कमी पडत होतें. “अण्णा, पैसा कोठें जात नाहीं, दोन वर्षांनीं जसाचा तसा परत,” ते म्हणाले. आम्हांस घर पसंत पडलें. खरें सांगावयाचें तर त्या स्वच्छ, उजेडी खोल्या पाहून, आपल्या पैशानें मुलगा अशा घरांत राहील, याचा थोडा अभिमानहि वाटला.

सूनबाई खिडकीपाशीं उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “मामंजी, या घरांत दिवसभर राहणार कोण?”

आम्हांस प्रश्नाचा रोख कळला नाहीं. तेव्हां त्या पुढें म्हणाल्या, “हे सकाळीं आठाला जाणार, रात्रीं आठाला येणार. आपण दोघें महिन्यानें वाईस परत जाणार. मग मी आणि ही पोर. मघांपासून पाहतें आहें. एका मजल्यावर आठ दारें, पण एकाहि दाराशीं लहान मुलाची सायकल नाहीं. कोणी वर येतांना भेटलें नाहीं, कोणी उतरतांना भेटलें नाहीं. घर चांगलें आहे. पण मला ताप आला तर कोणाचें दार वाजवूं?”

चिरंजीव म्हणाले, होईल हळूहळू ओळख. आम्ही मात्र कांहींच बोललों नाहीं. आमचें कुटुंब लग्न होऊन वाईच्या वाड्यांत आलें तेव्हां वाडा माणसांनीं भरलेला होता, म्हणून त्यांना हा प्रश्न विचारावा लागला नाहीं. पण त्यांना तो कोणीं विचारलाहि नव्हता. घर पाहणारे पुरुष, आणि घरांत राहणारी बाई, ही रीति आम्ही इतक्या दूर बरोबर घेऊनच आलों होतों. तूर्त पक्ष चालू असल्याचें निमित्त सांगून आम्हीं दलालाकडून चार दिवसांची मुदत मागून घेतली.

त्या रिकाम्या दिवसांत आम्ही त्याच सहाव्या मार्गावरील सामगाक्जी येथें कोरियाचें युद्धस्मारक पहावयास गेलों. १९५० ते १९५३ च्या त्या युद्धांत आपल्या देशानें सैन्य पाठविलें नाहीं; कर्नल रंगराज यांच्या हाताखालीं ६० वी पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स ही वैद्यकीय तुकडी मात्र पाठविली होती. सहाय्य करणाऱ्या राष्ट्रांत आपलें नांव पाहून बरें वाटलें. परंतु आमच्या मनांत घोळत होती ती युद्धानंतरची गोष्ट. तहानंतर जे कैदी मायदेशीं परतण्यास तयार नव्हते, त्यांच्यावर देखरेख करण्यास भारताचें एक दल गेलें. त्याचे सेनापति आपले कोल्हापूरकडील शंकरराव थोरात. त्या दलाच्या छावणीस ‘हिंदनगर’ असें नांव होतें. बहुतेक कैदी कोणत्या ना कोणत्या बाजूस गेले. पण ८८ जण असे निघाले कीं त्यांना उत्तरहि नको, दक्षिणहि नको. त्यांत ७६ कोरियन व १२ चिनी होते. १९५४ च्या फेब्रुवारींत हे ८८ जण आपल्या दलाबरोबर भारतांत आले. पुढें त्यांतील कित्येक दूर दक्षिण अमेरिकेंत जाऊन राहिले. कोठें रहावें हें ठरवितांना त्यांच्यापुढें ना भाडें होतें, ना दक्षिणेची खिडकी. जेथें आपल्याला कोणी ओळखीत नाहीं अशा मुलुखांत उतरणाऱ्या माणसाच्या पोटांत काय कालवत असेल, याचा विचार करीत आम्ही बाकावर बसलों असतां, नात आजीचा हात धरून तोफा मोजीत होती, आणि सूनबाई एकट्याच पायऱ्यांवर बसल्या होत्या. त्यांचा प्रश्न आम्हांस तेथें नीट समजला.

परत येतांच आम्हीं चिरंजीवांस म्हटलें, “दादांनीं सांगितलें आहे, पैसा कोणाच्या हातीं जातो तें पाहून ये. या घराचा उतारा काढतां येतो काय?” येतो. आणि तो कोणासहि, हजार वोनांच्या आसपास फी भरून, घरबसल्या मिळतो. त्याचे तीन भाग असतात: पहिल्यांत इमारतीचें वर्णन, दुसऱ्यांत मालकी, तिसऱ्यांत इतरांचे हक्क. आपल्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ हें सदर असतें, तसाच हा तिसरा भाग. जन्मभर सातबारे वाचलेल्या आम्हांस तो उतारा परका वाटला नाहीं. त्या मुलीनें वाचून दाखविलें: घरावर एका बँकेचा मोठा बोजा होता. घरें प्रत्यक्ष किती किंमतीस विकलीं गेलीं तें तेथील सरकार प्रसिद्ध करतें. तो भाव काढून पाहिला, तर बँकेचा बोजा व आमची अनामत यांची बेरीज घराच्या किंमतीच्या वर जात होती. म्हणजे उद्यां मालक बुडाला व घर लिलावांत निघालें, तर अगोदर बँक आपला पैसा घेणार, आणि उरलें तर आम्हीं घ्यावयाचें.

दलालास विचारलें. तो हंसून म्हणाला, “पैसे हातीं पडले कीं त्याच दिवशीं बोजा उतरवूं.” कदाचित् तो खरेंहि बोलत असेल. परंतु तेथील कायद्यांत एक बारकावा आहे. भाडेकरूनें राहावयास येऊन पत्त्याची नोंद केली, तरी त्याचा हक्क दुसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीच्या ठोक्यापासून सुरू होतो. मालकानें त्याच दिवशीं नवें कर्ज काढलें तर बँक पुढें व भाडेकरू मागें. २०२२ व २०२३ सालीं घरांचे भाव उतरले, तेव्हां जॉन्सेच्या अशा फसवणुकी हजारोंनीं उघडकीस आल्या. इंचॉन शहरांत तर गरीब तरुण भाडेकरूंचा सर्व संचय गेला, कांहींनीं जीवहि दिला. शेवटीं जून २०२३ पासून पीडितांच्या सहाय्यासाठीं खास कायदा करावा लागला. हें सर्व आम्हांस त्या मुलीनें सांगितलें. तिच्या वर्गांतील मुलांतहि अशीं पोळलेलीं होतीं. चिरंजीव बराच वेळ उताऱ्याकडे पहात राहिले. मग त्यांनीं स्वतःच दलालास नकार कळविला.

तिसरें घर सूनबाईंनीं पाहिलें. सर्वपित्रीच्या आदल्या दिवशीं त्या नातीस घेऊन बोमुन भागांतल्या ओढ्याकांठीं फिरावयास गेल्या होत्या. सोंगबुक नांवाचा हा ओढा आतां स्वच्छ करून दोन्ही कांठांनीं पायवाट केली आहे. सकाळ-संध्याकाळ म्हाताऱ्या बायका तेथें चालतांना दिसतात. जवळच बोमुन मंदिर आहे. तें बौद्ध भिक्षुणींच्या पंथाचें मुख्य स्थान असून, सर्व व्यवस्था भिक्षुणींच्याच हातीं आहे. तेथल्या गल्लींत एका जुन्या विटांच्या घराच्या दारावर भाड्याची पाटी लागलेली होती, आणि खालच्या मजल्याच्या ओट्यावर घरमालकीण मुळे निवडीत बसली होती. नातीनें तिच्यापुढें उकिडवें बसून एक पाला खुडला. ओळख झाली ती तेवढ्यानें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही सर्व जण गेलों. शहरानें परभाषा जाणणाऱ्या दलालांच्या कांहीं पेढ्या नेमून दिल्या आहेत. त्यांतील एकास बरोबर घेतलें. म्हातारी विधवा, सत्तरीच्या पुढची. तिनें चिरंजीवांचा पगार विचारला नाहीं, हुद्दा विचारला नाहीं. तिचा पहिलाच प्रश्न, “दिवसा घरीं कोण असतें?” दुभाष्या मुलीनें तो हिंदींत सांगितला, तेव्हां आम्हीं व सूनबाईंनीं एकमेकांकडे पाहिलें. म्हातारीस आपल्या डोक्यावर पावलांचा आवाज हवा होता. आमच्या शाकाहाराची तिला मोठीशी अडचण वाटली नाहीं. मंदिरांतील स्वयंपाकांत मांस-मासळी तर नसतेच, पण कांदा-लसूणहि वर्ज्य. आमच्या कुटुंबाच्या चातुर्मासाचा नेम ऐकून ती एकदम आनंदली. बाजारच्या किम्चींत खारवलेली कोळंबी घालतात. ती न घालतां आपण वेगळी करून देऊं, असें ती आपण होऊन म्हणाली.

घरांत उणीवा पुष्कळ आहेत. त्या लपविण्यांत अर्थ नाहीं. उद्‌वाहन नाहीं. खिडक्या जुन्या; जानेवारींत पारा शून्याखालीं दहा अंश उतरतो तेव्हां त्यांतून वारा शिरेल. स्वयंपाकघरांत दोघींना एकदम उभें राहतां येत नाहीं. आणि भाडें दरमहा सात लक्ष वोन, जें पुन्हां कधीं परत यावयाचें नाहीं. हिशेबाच्या दृष्टीनें वोल्गोकचें घर स्वस्त होतें, हें चिरंजीवांचें म्हणणें आजहि खरें आहे. पण अनामत केवळ दोन कोटी वोन, म्हणजे पहिल्याचा दहावा हिस्सा. ती चिरंजीवांच्या शिल्लकींतच भागली. दादांच्या ठेवीस हात लावावा लागला नाहीं. उतारा निर्मळ निघाला. शिवाय लहान अनामतीच्या भाडेकरूस तेथील कायदा विशेष जपतो. २०२३ च्या दुरुस्तीनें सोलमध्यें ५ कोटी ५० लक्ष वोनांपर्यंतची रक्कम, घर लिलावांत निघालें तरी, ठराविक मर्यादेंत बँकेच्याहि आधीं त्याला मिळते. घराचा करार दोन वर्षांचा. २०२० च्या दुरुस्तीप्रमाणें भाडेकरूस आणखी एक वेळ दोन वर्षें मागून घेतां येतात, आणि त्या वेळीं वाढ शेंकडा पांचाहून अधिक करतां येत नाहीं. संस्थेचें स्टेशन तेथून चौथें.

घटस्थापनेनंतर तिसऱ्या दिवशीं करार झाला. आतां राहावयास केव्हां जावयाचें? म्हातारी म्हणाली, चांद्रमासाची नववी किंवा दहावी तिथि पहा. ज्या तिथींच्या शेवटीं नऊ किंवा शून्य येतें त्या दिवशीं पीडा देणारी भुतें पृथ्वीवर नसतात, अशी तेथें समजूत आहे. इतकी कीं सामान हलविणारे लोक त्या दिवशीं जास्त पैसे घेतात. त्या हिशेबानें तीसावी तिथि, म्हणजे आपली अमावास्याहि, त्यांना चालते. ती आम्हांस चालली नसती. पण दहावी तिथि पंचांगांत पाहिली, तों १२ ऑक्टोबर, विजयादशमी! आम्हीं दादांस दूरध्वनि केला. ते म्हणाले, “साडेतीन मुहूर्तांतला एक. त्या बाईला माझा नमस्कार सांगा.” सामान हलविणाऱ्यांनीं मात्र दर कमी केला नाहीं.

दसऱ्यास आपट्याचीं पानें तेथें कोठून मिळणार? नातीनें ओढ्याकांठचीं गिंको वृक्षाचीं पिवळीं पडूं लागलेलीं पानें गोळा करून सर्वांस वाटलीं, म्हातारीस पहिलें. नवीन पत्त्याची सूचना पंधरवड्याच्या आंत सरकारी कचेरींत द्यावी लागते. परदेशी माणसाची ती सूचना तेथील नागरिकाच्या नोंदीइतकीच बळकट मानली जाते. चिरंजीवांनीं ती पहिल्याच कामाच्या दिवशीं दिली, आणि करारावर तारखेचा शिक्का करून घेतला. ज्यांचीं मुलें त्या देशीं आहेत त्यांनीं एवढें अवश्य विचारावें: उतारा पाहिला काय, पत्ता नोंदविला काय, शिक्का घेतला काय. तीन प्रश्न, आणि चौथा सूनबाईंचा. आमचें कुटुंब म्हणतें, आपल्याला पितृपक्षानें तारलें. चिरंजीव म्हणतात, कागदानें तारलें. आम्हांस विचाराल, तर कागद मागविण्याची बुद्धि आम्हांस सूनबाईंच्या प्रश्नानंतरच झाली.

कार्तिक लागतांना आम्ही उभयतां वाईस परतलों. पौषांत एके रात्रीं दूरध्वनि आला. सूनबाईंना खरोखरच ताप येत होता, चिरंजीव संस्थेच्या कामासाठीं बुसानला गेलेले. नात म्हणाली, “आजोबा, काळजी करूं नका. हाल्मोनी वर आली आहे. तिनें पेज केली.” हाल्मोनी म्हणजे आजी. मग तिनें विचारलें, “आजोबा, तुम्हांला ठाऊक आहे का? इथें कोणी ‘माझें घर’ म्हणतच नाहीं. एकटा माणूस असला तरी ‘उरी जिप’ म्हणतो. म्हणजे ‘आमचें घर’.”

आम्हीं तें दादांस सांगितलें. ते झोंपाळ्यावर बसले होते. थोडा वेळ थांबून म्हणाले, “मग जागा बरी मिळाली म्हणावयाची.”